मापात पाप

"मीटर कुठला घेऊ?" हा प्रश्न मला आता फोनवर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर चक्क सांत्वनाला गेलो होतो तिथेही विचारला गेलाय. गच्चीवर पीव्हीसी पाइपला भोकं पाडून त्यात लेट्युस, पालक, पुदिना लावण्याचं वेड आपल्या नातेवाईकांत आणि मित्रमंडळींत सध्या जोरात आहे. मातीविना शेती, हायड्रोपोनिक्स, काय म्हणायचं ते म्हणा. वेड चांगलंच आहे, मी स्वतः त्यातला आहे. पण प्रत्येकाची गाडी त्या एकाच प्रश्नावर येऊन अडते. अमुक मीटर घेऊ की तमुक? तीन हजारांचा घेऊ की बाराशेचा? निळा की पिवळा? म्हणून म्हटलं, एकदाचं सविस्तर लिहून टाकावं.

आधीच सांगून ठेवतो, हे शांत डोक्याने लिहिलेलं नाही. या मीटरच्या बाजारात जे काही चाललंय त्याला मी सरळ सरळ मापात पाप म्हणतो. आणि त्या पापात विकणारे जितके आहेत, तितकेच आपण विकत घेणारेही आहोत. आपल्याला स्क्रीनवर आकडा दिसला की पुरे होतं. तो आकडा कशाचा, कुठल्या मापाचा आणि खरा की खोटा हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

सुरुवातीलाच एक शंका बाजूला करू. "आमच्या आजोबांनी कुठे मीटर वापरले होते?" हा शेरा हमखास येतो. आजोबा मातीत शेती करत होते. काळ्या मातीतली चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ खत धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. सामू (म्हणजे पीएच) सहजासहजी हलू देत नाहीत. थोडं कमी-जास्त झालं तर माती पोटात घेते. वीस लिटरच्या टाकीतलं पाणी काहीही पोटात घेत नाही. कडक उन्हात झाडं पाणी भराभर पितात, खत मागे राहतं आणि उरलेलं द्रावण तीव्र होत जातं. म्हणजे मोजावं तर लागतंच. १९४६ साली जेम्स शोल्टो डग्लस यांनी बंगालात कालिम्पाँगला मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले, तेव्हा सामान्य माणसाला परवडेल अशी पद्धत शोधणं हाच त्यांचा हेतू होता. पण तिथेही मुळं खडी-वाळूत होती, नुसत्या वाहत्या पाण्यात नव्हती. तेव्हा माझा वाद मीटरशी नाही. मीटरच्या नावाखाली जे विकलं जातं, त्याच्याशी आहे.

आता पहिला आरोपी. टीडीएस पेन.

हा पेन आपल्या घरात शेतीच्या वाटेने आलेला नाही. तो आला पाण्याच्या फिल्टरवाल्याबरोबर. टाय लावलेला मुलगा दिवाणखान्यात बसतो, तुमच्या नळाच्या पाण्यात पेन बुडवतो, "मॅडम, तीनशे वीस!" म्हणतो आणि असा चेहरा करतो की घरातल्या सगळ्यांना पोटात दुखल्यासारखं वाटायला लागतं. काही जण तर दोन सळयांचं एक यंत्रही काढतात. ते नळाच्या पाण्यात घातलं की पाणी तपकिरी होतं आणि फिल्टरच्या पाण्यात घातलं की स्वच्छ राहतं. तो तपकिरी गाळ असतो त्या लोखंडी सळयांच्याच गंजाचा. फिल्टरच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, वीज वाहत नाही म्हणून सळई झिजत नाही. इतकाच चमत्कार! भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम विरघळलेले घन पदार्थ स्वीकारार्ह धरले आहेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. त्याच मानकात आर्सेनिकची मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम. पेनाचा शेवटचा अंक असतो १ मिलिग्रॅमचा. म्हणजे ज्याने खरंच घात व्हावा तो पदार्थ मर्यादेच्या कित्येक पट असला तरी पेनाला पत्ता लागणार नाही. जंतूंचं तर नावच काढू नका.

पण शेतीच्या दृष्टीने मुख्य गोम वेगळीच आहे. हा पेन टीडीएस मोजतच नाही. पाण्यात विरघळलेलं सगळं मोजायचं तर पाणी गाळून, आटवून, १८० अंशांवर सुकवून, मागे उरलेलं वजन करावं लागतं. प्रयोगशाळेत तसंच करतात. पेन फक्त एवढंच बघतो की त्याच्या दोन टोकांमधून पाण्यातून वीज किती सहज वाहते. याला म्हणतात विद्युतवाहकता, इंग्रजी आद्याक्षरांनी ईसी. मग आतली चिप त्या ईसीला एका ठरावीक आकड्याने गुणते आणि उत्तर पीपीएम म्हणून दाखवते. तो गुणक पेन बनवणाऱ्याने आपल्या मर्जीने निवडलेला असतो. कुणी ०.५ घेतो, कारण त्याने पाण्यात नुसतं मीठ आहे असं धरलेलं असतं. कुणी ०.७ घेतो, कारण त्याने सोडियम सल्फेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांचं एक मिश्रण गृहीत धरलेलं असतं. कुणी ०.६४. तुमच्या टाकीत यातलं एकही मिश्रण नाही. तुमच्या टाकीत आहे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट वगैरे. तरी आकडा येतोच, आणि तोही ऐटीत.

याने काय बिघडतं? माझ्या एका मावसभावाचं काय बिघडलं ते सांगतो. त्याने नोकरी सोडून दोन गुंठ्यांत शेडनेट उभारलं. त्यासाठी मावशीच्या बांगड्या बँकेत गेल्या. एका हॉटेलला लेट्युस द्यायचं ठरलं होतं. सामान, खतं, पेन आणि माहितीपत्रक सगळं एका विक्रेत्याकडून, एकाच खोक्यातून आलं. पत्रकावर लिहिलं होतं, लेट्युससाठी ८४० पीपीएम. पोरगं प्रामाणिक, रोज सकाळ-संध्याकाळ ८४० राखत होतं. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "सर, तो पेन बेसिक आहे, प्रोफेशनल मीटर घ्या." घेतला. त्याच टाकीत बुडवला तर आकडा आला ११७६. "बघा सर, जुना पेन चुकीचाच दाखवत होता!"

मी गेलो तेव्हा दोन्ही मीटर एकाच पेल्यात बुडवले. ८४० आणि ११७६. ११७६ ला ८४० ने भागा, १.४ येतात. सातला पाचने भागा, १.४ च येतात. म्हणजे दोन्ही मीटर एकच गोष्ट अगदी बरोबर सांगत होते की या पाण्याची ईसी १.६८ आहे. एक तिला पाचशेने गुणत होता आणि दुसरा सातशेने. पत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात सातशेचं माप होतं, त्यामुळे त्याला हवी असलेली ईसी होती १.२. खोक्यातला पेन होता पाचशेच्या मापाचा. पोराने ४० टक्के जास्त खत घातलं, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर, विकत घेतलेल्या सूचनेबरहुकूम. पहिली खेप हॉटेलने परत केली. एका ओळीचा प्रश्न होता, पत्रकावर फक्त "ईसी १.२" लिहिलं असतं तर हे काहीच झालं नसतं. ईसीत पाचशे-सातशेची भानगड नाही. ती नाशिकला, नेदरलँड्समध्ये आणि तुमच्या गच्चीवर एकच असते.

म्हणून माझी पहिली मागणी, पीपीएम हा शब्द या शेतीतून हद्दपार करा. कुणी सांगितलं "टोमॅटोला इतके पीपीएम ठेव" तर लगेच विचारा, कुठल्या गुणकाने? त्याला सांगता आलं नाही तर त्याचा सल्ला तिथेच सोडून द्या. लेट्युससारख्या पालेभाज्यांना साधारण ०.८ ते १.४, टोमॅटोला साधारण २ ते ३.५ मिलिसीमेन्स, असं बोलायची सवय लावून घेऊ.

ईसी सुद्धा काही सर्वज्ञ नाही बरं का. घरी एक गंमत करून बघा. फिल्टरच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा आणि पेन बुडवा. आकडा जवळजवळ हलत नाही. आता चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारतो. साखरेचे कण विजेचा भार वाहत नाहीत, मिठाचे वाहतात. "आम्ही कुठे टाकीत साखर घालतो?" असं म्हणाल. साखर नाही घालत, पण युरिया घालता! गच्चीवरचे बरेच जण दुकानात सहज मिळतं म्हणून १९:१९:१९ हे विद्राव्य खत वापरतात. त्यातल्या १९ टक्के नत्रापैकी १०.५ टक्क्यांपर्यंत नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया साखरेसारखाच, पेनाला दिसत नाही. शिवाय मातीत त्याचं रूपांतर करणारे जिवाणू मुबलक असतात तसे स्वच्छ पाण्यात नसतात, त्यामुळे बरंचसं नत्र झाडाला वेळेवर मिळतच नाही. पेन म्हणतो खत झालं, झाड म्हणतं उपाशी आहे. अशा वेळी लोक मीटर बदलतात! खताच्या पिशवीची मागची बाजू वाचली असती तर पैसे वाचले असते.

आता दुसरं पाप, आणि हे माझ्या मते सगळ्यात मोठं. माझी आजी बाजारात गेली की भाजीवालीला म्हणायची, "आधी रिकामी तागडी दाखव." दोन्ही पारडी सारखी आहेत, पासंग कुठे लपवलेला नाही, हे बघितल्याशिवाय ती एक कांदा घेत नसे. भाजीवालीलाही त्यात काही अपमान वाटत नसे. कॅलिब्रेशन म्हणतात ते यापेक्षा वेगळं काही नाही. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशा द्रावणात मीटर बुडवायचा आणि तो तेच उत्तर देतो का ते बघायचं. ईसीसाठी १.४१३ चं द्रावण मिळतं, सामूसाठी ४ आणि ७ ची बफर द्रावणं. पण मला भेटलेल्या दहा मीटरवाल्यांपैकी नऊ जणांकडे ही द्रावणं नसतात. विक्रेता म्हणतो, "फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे, गरज नाही." फॅक्टरीतून निघून, गोदामात पडून, उन्हात टपालाच्या गाडीतून हिंडून आलेला तो मीटर! आजी असती तर तिने त्याला दुकानातून खाली उतरवलं असतं.

द्रावण मिळेपर्यंत घरच्या घरी ईसी पेनाची परीक्षा घेता येते. गॅरेजमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं ते दोन लिटर आणा. त्यात सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून दोन ग्रॅम मीठ विरघळवा. या पाण्याची ईसी २ च्या अगदी जवळ असते. तुमचा टीडीएस पेन १००० च्या आसपास दाखवत असेल तर तो पाचशेवाला, १४०० च्या आसपास दाखवत असेल तर सातशेवाला. आणि सोळाशे किंवा सहाशे दाखवत असेल तर आधी त्याची टोकं स्पिरिटने पुसून बघा, क्षारांचा थर बसलेला असतो. तरीही सुधारला नाही तर त्याला निरोप द्या. मावसभावाने हे पहिल्या दिवशी केलं असतं तर? पण त्याला हे सांगायचं काम खोकं विकणाऱ्याचं होतं.

आता सामू. इथे मामला जास्त नाजूक आहे. सामूचं माप १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं, म्हणजे बीअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. आणि आज आपण वापरतो त्या जातीचा मीटर १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात आर्नोल्ड बेकमनने तयार केला, तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. रसात टिकण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे रंग बदलणारे कागद फिके पडत होते म्हणून. म्हणजे फळवाल्यांच्या अडचणीतूनच हा मीटर जन्मला. त्याचा जीव असतो टोकाच्या पातळ काचेच्या बोंडात. ते बोंड ओलं राहायला लागतं, तेही पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. फिल्टरच्या किंवा शुद्ध पाण्यात बुडवून ठेवलं तर हळूहळू बिघडतं, कोरडं पडलं तर त्याहून लवकर बिघडतं. आणि नीट सांभाळलं तरी साधारण एक-दोन वर्षांत म्हातारं होतं. वापरा की नका वापरू, वय वाढतंच.

हे कुठल्या जाहिरातीत वाचलंय? जाहिरातीत असतं, "०.०१ पर्यंत अचूक!" नीट बघा. ०.०१ ही स्क्रीनवरची शेवटची पायरी असते. अचूकता खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते, बऱ्याचदा ०.१ इकडे किंवा तिकडे. म्हणजे दुसरा दशांश अंक निव्वळ शोभेचा. घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं आणि सेकंदकाटा मात्र झोकात फिरत असला म्हणून वेळ बरोबर होत नाही. आणि गंमत म्हणजे पाण्यातल्या भाज्यांना दुसऱ्या दशांशाचं काही पडलेलंच नसतं. ५.५ ते ६.५ च्या मध्ये ठेवा, पुष्कळ झालं. ७ च्या वर जायला लागलं की काळजी करायची, कारण खतातलं लोह झाडाला मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. स्वस्तातलं ईडीटीए लोह तर ६.५ च्या पुढेच साथ सोडायला लागतं.

म्हणून गच्चीवर चार-सहा पाइप असलेल्यांना माझा सल्ला ऐकून बरेच जण नाराज होतात. सामूचा मीटर घेऊच नका. माशांच्या टाक्यांचं सामान मिळतं त्या दुकानातून रंग बदलणारे थेंब आणा. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. (शाळेतला लिटमस कागद नको, त्याला तेवढं बारीक कळत नाही.) या थेंबांना कॅलिब्रेशन लागत नाही, बॅटरी लागत नाही, काच फुटत नाही. यात कमीपणा कसला? हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. हळद आणि चुन्यापासून कुंकू करणाऱ्यांच्या देशात रंगावरून सामू ओळखायला लाज वाटायचं कारण नाही. माझ्या डोळ्यांना दिसलेला पिवळसर हिरवा रंग मला त्या वाळून गेलेल्या बोंडाच्या ६.२३ पेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो.

यावर एक उत्तर येतं, "हे सगळं तुमच्या हौशी लोकांसाठी ठीक आहे. आम्ही व्यवसाय करतो, आम्ही ऑटोमॅटिक सिस्टीम बसवलीय." तुमच्यासाठी तर हे दुप्पट खरं आहे! मोठ्या यंत्रणेत सामूचा प्रोब चोवीस तास टाकीत असतो आणि त्याच्या सांगण्यावरून पंप आपोआप आम्ल सोडतो. आता ते काचेचं बोंड तडकलं तर काय होतं? मीटर बंद पडत नाही. तो कशातही बुडवला तरी ७ च्या आसपास दाखवत राहतो. यंत्राला वाटतं, सामू अजून चढाच आहे, सोड आम्ल. पुन्हा ७. सोड आणखी. सकाळी मालक येतो तेव्हा स्क्रीनवर शांतपणे ७ असतं आणि टाकीत मुळं जाळणारं आम्ल. लाखाची यंत्रणा असो की हजाराचा पेन, त्याला आठवड्यातून एकदा ४ आणि ७ च्या बफरमध्ये बुडवून "रिकामी तागडी दाखव" म्हणायला माणूसच लागतो. महाग मीटरची काच चांगली असते, प्रोब बदलता येतो, मान्य. व्यवसाय करणाऱ्याने तोच घ्यावा. पण महाग मीटर तपासावा लागत नाही ही शुद्ध थाप आहे.

आणि ज्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही अशी एक गोष्ट राहिली. बोअरचं पाणी. दोन बादल्या घ्या. एकीत धरणाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींचा सामू ७.८ असू शकतो. पहिलीत थोडंसं आम्ल घातलं की सामू ६ वर येतो. दुसरीत त्याच्या कितीतरी पट घातलं तरी हटत नाही आणि खाली आलाच तरी सकाळी पुन्हा वर. कारण दुसरीत बायकार्बोनेट आहे, आपल्या खायच्या सोड्याचा भाऊबंद. आम्ल आलं की तो ते गिळून टाकतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर हा बायकार्बोनेट बहुधा असतोच. किती आहे ते सामूचा मीटर सांगू शकत नाही, मग तो कितीही हजारांचा असो. ईसी पेनही सांगू शकत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला तर हे समजावून सांगायचीही गरज नाही. पाण्यात क्षार आहेत एवढं कळून भागत नाही, कुठले आहेत ते कळावं लागतं. तुमच्या पाण्याची ईसी मुळातच १.२ असेल तर लेट्युसच्या वाट्याची सगळी जागा नको त्या क्षारांनी आधीच अडवलेली असते. पेन म्हणेल खत पुरेसं आहे, आणि टाकीत खताचा एक कणही नसेल!

यासाठी मीटर घ्यायचाच नाही. पाण्याची बाटली भरून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यायची. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये ही सोय असते. बायकार्बोनेट, सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं कागदावर येतं. द्राक्षवाले, डाळिंबवाले शेतकरी हे वर्षानुवर्षं करत आलेत. आपण शहरातले लोक मात्र तेवढ्याच पैशांत ब्लूटूथवाला पेन आणून मोबाइलवर आलेख बघत बसतो.

तर मंडळी, ज्यांना खरेदीची यादीच हवी आहे त्यांच्यासाठी. एक, ईसी मिलिसीमेन्समध्ये दाखवणारा, तापमानाचा हिशोब स्वतः करणारा (पाणी एका अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते) आणि कॅलिब्रेट करता येणारा साधा पेन, त्यासोबत १.४१३ चं द्रावण. दोन, सामूचे थेंब. तीन, पाण्यात बुडवायचा साधा थर्मामीटर. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं कुजतात. मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या पुढे जातं तेव्हा तुमचं पीक हा थर्मामीटर वाचवतो. प्राणवायू मोजायचा महागडा मीटर घरच्या गच्चीला लागत नाही. चार, पाण्याचं एक प्रयोगशाळेतलं परीक्षण. सामूचा मीटर घ्यायचाच असेल तर दोन बफर आणि प्रोब भिजवून ठेवायचं द्रावण बरोबर घेतल्याशिवाय नको, आणि दर वर्ष-दोन वर्षांनी प्रोबचा खर्च धरूनच घ्या. "पाच गोष्टी एकात" वाले, मातीत काटे खुपसून सगळं सांगणारे वगैरे खेळणी भाच्यांना द्या. :-)

माझा राग शेवटी कशावर आहे तेही सांगतो. किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, तो ठरावीक काळाने तपासून घ्यावा लागतो. पाव किलो साखरेत दहा ग्रॅमची खोट निघाली तर आपण भांडतो. आणि ज्या पेनाच्या आकड्यावर कुणी बांगड्या गहाण टाकून पीक उभं करतो, तो पेन कुठल्या मापाने बोलतोय हे खोक्यावर छापायचीही कुणाला गरज वाटत नाही. ती गरज कायद्याने वाटेल तेव्हा वाटो. तोवर आपण विचारायला लागू. पुढच्या वेळी कुणी मीटर विकायला आला तर तीनच प्रश्न. हा ईसी दाखवतो का? याची अचूकता किती, शेवटचा अंक नव्हे, अचूकता? आणि याबरोबर तपासायचं द्रावण देता का? तिन्हींना हो आलं तर कुठल्याही कंपनीचा घ्या, मला विचारायचीही गरज नाही. एकालाही "सर, त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर पिशवी उचला आणि पुढच्या दुकानात चला.

मावसभावाने दुसरी खेप ईसी १.२ वर घेतली, पत्रकातल्या ८४० वर पेनाने काट मारून. हॉटेलने ती ठेवून घेतली. बांगड्या अजून बँकेतच आहेत.